डावीकडचं पुढचं चाक

आधीच सांगून टाकतो, मी मेकॅनिक नाही. पोटापाण्यासाठी जावामध्ये कोड लिहितो. माझ्या हातून आजवर दुरुस्त झालेली सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे घरचा मिक्सर, आणि तिथेसुद्धा खालचं लाल बटण फक्त परत दाबायचं होतं. तरीही जानेवारी २०२५ मधल्या एका शनिवारी सकाळी साडेआठ वाजता मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडी घालून बसलो होतो, समोर गाडीचं चाक काढलेलं, आणि वॉचमनकाका खुर्ची घेऊन मॅच बघायला बसावं तसे बसले होते.

कसं काय झालं हे, ते सांगतो.

आमची गाडी म्हणजे ठमी. तेरा वर्षांची छोटी हॅचबॅक आहे, हे नाव लेकीने ठेवलंय. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्यावर पाणी भरलं त्या दिवशी मी शहाणपणा करून ठमीला पाण्यातून काढली होती. चाकं निम्म्याहून जास्त बुडाली होती. इंजिन बंद पडलं नाही म्हणून मी महिनाभर फुशारकी मारली. पाणी मात्र आपलं काम करून गेलं होतं, ते मला नंतर कळलं.

दिवाळीच्या सुमारास एक आवाज सुरू झाला. घूंऽऽ असा. लांबून एखादं विमान जात असावं तसा. ताशी चाळीसला लागायचा, साठला वाढायचा. मी काय केलं? गाण्यांचा आवाज वाढवला. (हसू नका. ऑफिसातसुद्धा आपण लॉगमधल्या वॉर्निंग्ज अशाच फिल्टर करून टाकतो.)

तुळशीचं लग्न झाल्यावर साताऱ्याला एका लग्नाला गेलो होतो. परत येताना मी गाडी चालवत होतो, शेजारी बाबा, मागे आई, बायको आणि लेक. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो तर आवाज दुप्पट झाला, कारण भिंतींवरून तो परत आपल्याच कानावर येतो. बोगद्यातून बाहेर पडल्यावर पुण्याकडे उतरताना ते इंग्रजी एस आकाराचं कुप्रसिद्ध वळण आहे ना, तिथे बाबा म्हणाले, "डावीकडचं पुढचं चाक बोलतंय रे."

मी म्हटलं, "रस्ता खराब आहे बाबा."

"रस्ता नाही. उजवीकडे वळलास की वाढतंय, डावीकडे वळलास की कमी होतंय. बेअरिंग आहे."

मी काही बोललो नाही. बायकोकडे आरशातून बघितलं आणि किंचित हसलो. म्हणजे, बाबांना ऐकू येत नाही, आणि ते मला आवाज समजावून सांगतायत!

इथे थोडं बाबांबद्दल. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात फिटर होते, बत्तीस वर्षं. प्रेसशॉपच्या शेजारी त्यांचं टेबल. त्या काळी कानात बोळे घालायची पद्धत नव्हती आणि कुणी दिले असते तरी त्यांनी घातले नसते. मशीनचा आवाज ऐकूनच काम करायचं असतं असं त्यांचं मत. निवृत्तीनंतर हळूहळू ऐकू येणं कमी झालं. मशीन घेतलंय कानाचं, पण ते बहुतेक वेळा खिशात असतं. लेक मागच्या सीटवरून काहीतरी विचारते, बाबा मान वळवून म्हणतात, "काय म्हणाली?" आणि आम्ही सगळे म्हणतो, "काही नाही बाबा."

हे "काही नाही" लक्षात ठेवा, परत येणार आहे.

तर, आवाज वाढत गेला. डिसेंबरच्या शेवटी लेक म्हणाली, "ठमी रडते." मग मात्र मी नेटवर शोधायला बसलो, आणि दोन तासांनी शरमेने लाल झालो. बाबांनी वळणावर जे सांगितलं होतं ती चाचणी शब्दशः तिथे लिहिलेली होती. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डावीकडे कलंडतं, डाव्या बेअरिंगवर भार येतो आणि ते खराब असेल तर आवाज वाढतो. वेग तोच ठेवून गाडी न्यूट्रलला टाकली आणि आवाज तसाच राहिला, तर दोष इंजिनात नाही. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला तरी आवाज बदलला नाही, तर बहुधा टायरही नाही. तिन्ही चाचण्या ठमीने पहिल्या नंबराने पास केल्या.

मग मला आणखी एक गोष्ट आठवली. बाबांचा ऑडिओग्राम माझ्याच मेलमध्ये पडून होता, मीच स्कॅन केला होता. उघडून पाहिला. रेष डावीकडे, म्हणजे २५० आणि ५०० हर्ट्झला, जवळपास माझ्याइतकीच चांगली. दोन हजारानंतर ती घसरगुंडीसारखी खाली. कारखान्याच्या गोंगाटाने कान जातो तो असाच, आधी तीन ते सहा हजार हर्ट्झचा पट्टा जातो. स, श, फ, त, ट अशा व्यंजनांचा बराचसा भाग वरच्या पट्टीत असतो. म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. लहान मुलांचा बारीक आवाज तर आणखी कठीण. पण बेअरिंगची घूं? ती खालच्या पट्टीतली, शे-दोनशे हर्ट्झच्या आसपासची. ती बाबांना अगदी स्वच्छ ऐकू येत होती. माझ्याइतकीच. फरक इतकाच की मी गाणी लावली होती.

म्हणजे ज्या माणसाने तीस वर्षं असेच आवाज ऐकून मशीन्स दुरुस्त केली, त्याचं म्हणणं मी "त्यांना कुठे ऐकू येतं" म्हणून उडवून लावलं. आणि चार वर्षांच्या मुलीला मागे बसवून आणखी दीड महिना त्याच चाकावर फिरलो. बेअरिंग फार झिजलं की चाक हलायला लागतं, हब तापतो, आणि अगदीच दुर्लक्ष केलं तर चाक निखळूही शकतं. त्या रात्री झोप नीट लागली नाही.

सकाळी बाबांना म्हटलं, "बेअरिंगच आहे बहुतेक. गॅरेजला टाकू?"

बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "घरी करू. तू कर, मी बसतो."

त्यांच्या हाताला आता थोडा कंप असतो. म्हणून "तू कर".

पहिलं काम निदान पक्कं करण्याचं. पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, खाली स्टँड लावला (फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, प्लीज), मागच्या चाकांना विटा. चाक वर-खाली धरून हलवलं तर बारीकशी कटकट. डावी-उजवीकडे धरून हलवलं तरी तीच. फक्त आडवं हललं असतं तर टाय रॉडवर संशय घ्यायचा असतो. मग बाबांनी कॉइल स्प्रिंगवर तळहात ठेवला आणि मला चाक फिरवायला सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. "बघ," म्हणाले. मी हात ठेवला. स्प्रिंगमधून बारीक खरखर येत होती, वाळू दळल्यासारखी. उजव्या चाकाला तेच केलं तर काहीच नाही, गुळगुळीत. कानाची गरजच नव्हती.

आता बेअरिंग म्हणजे नक्की काय, ते दोन ओळींत. दोन रिंगा, एक बाहेरची, एक आतली, आणि मधे पोलादी गोट्यांच्या दोन रांगा. बाहेरची रिंग नकलमध्ये घट्ट बसते, नकल म्हणजे चाकाला धरून ठेवणारा लोखंडी ठोकळा. आतल्या रिंगमध्ये हब घट्ट बसतो, हबला चाक. ताशी साठला ठमीचं चाक सेकंदाला नऊ-दहा फेरे मारतं. बाबांच्या लहानपणी गावी बैलगाडीला आसावर वंगण घालावं लागायचं, वंगणाची नळी गाडीलाच टांगलेली असायची. इथे ग्रीस जन्मभरासाठी आतच भरून सील केलेलं असतं. फायदा असा की बघावं लागत नाही. तोटाही तोच. गरम हब पुराच्या पाण्यात बुडला, आतली हवा आक्रसली, सीलमधून थोडं पाणी आत ओढलं गेलं, की पुढे सहा महिने आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही.

शनिवार. चाक जमिनीवर असतानाच अ‍ॅक्सलचा मोठा नट सैल करायचा, कारण चाक हवेत असलं की त्याला जोर लावता येत नाही. नटाची कड ठोकून खाचेत बसवलेली असते, ती आधी छन्नीने उचलली. बायको ब्रेकवर पाय देऊन बसली, मी पान्ह्याला चार फुटी पाईप लावून लोंबकळलो. काही नाही. बाबा म्हणाले, "लोंबकळू नकोस. वजन टाक." टाकलं. कट्ट! वॉचमनकाकांनी टाळी वाजवली.

पुढचं तसं सोपं, फक्त वेळखाऊ. कॅलिपरचे दोन बोल्ट काढून कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगला (ब्रेकच्या नळीवर लोंबू द्यायचा नाही), डिस्क काढली, टाय रॉडची पिन आणि नट काढून नकलच्या कानावर हातोडा मारला तेव्हा तो सुटला, खालचा बॉल जॉइंट, वरचे स्ट्रटचे दोन बोल्ट. बोल्ट काढण्याआधी बाबांनी खडूने खुणा करायला लावल्या, नाहीतर चाकाचा कल बदलतो. हब ठोकून बाहेर काढला तर आतली रिंग अर्धी त्याच्यावरच चिकटून आली. ती ग्राइंडरने अलगद कापली, ते काम बाबांनी स्वतः केलं. कंप असलेल्या हाताने. हबवर ओरखडा नाही. मी काही बोललो नाही, तेही नाही.

जुन्या बेअरिंगमधलं ग्रीस कॉफीसारखं झालं होतं आणि रिंगवर खड्डे. पुण्यातला रस्ता लहान करून आत बसवल्यासारखे.

नवीन बेअरिंग मी आदल्या रात्रीपासून फ्रीझरमध्ये ठेवलं होतं, मटारच्या पिशवीशेजारी. पोलाद गार झालं की आक्रसतं. सत्तर मिलिमीटरच्या बेअरिंगला उणे अठराला नेलं तर साधारण ०.०४ मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या निम्मं. नकलमध्ये बसायला तेवढं पुरतं म्हणे. मी ते आणि नकल घेऊन स्कूटरवरून नाना पेठेत प्रेसवाल्याकडे गेलो. तोवर ते अर्थातच गरम झालं होतं. प्रेसवाले काका हसले, हायड्रॉलिक प्रेसचा दांडा दहा-बारा वेळा हापसला, जुनी रिंग बाहेर, नवीन बेअरिंग आत. दीडशे रुपये. मग विचारलं, "हब आणला नाय का?"

हब घरी. ग्राइंडरशेजारी. कपाळावर हात मारला.

आता शहाणा माणूस परत गेला असता. मी घरी आलो, दीड वाजला होता, भूक लागली होती, बाबा जेवून वामकुक्षीला गेले होते, कानाचं मशीन टेबलावर. मी विचार केला, बेअरिंग तर बसलंय, आता हब फक्त आत ढकलायचा. लाकडाचा ठोकळा ठेवला आणि हातोडा घातला. दहा-बारा घाव. टण् टण् टण्. सगळी सोसायटी जागी झाली असेल, बाबा सोडून. हब बसला! पाचपर्यंत सगळं जोडलं, नवीन नट टॉर्क रेंचने १७५ न्यूटन-मीटरला आवळला, आणि एक चक्कर मारून आलो.

आवाज होता. कमी, पण होता. घूं ऐवजी घुर्र.

घरी येऊन सांगितलं, "झालं बाबा. एकदम मस्त."

हे मी का बोललो, माहीत नाही. बाबांनी मान हलवली. रात्री जेवताना बरेच खुशीत होते.

रविवारी सकाळी खाली गेलो तर बाबांनी चाक जॅकवर उचललेलं, वॉचमनकाका हळूहळू फिरवतायत आणि बाबांचा हात स्प्रिंगवर. मला बघून म्हणाले, "हब कसा बसवलास?"

"प्रेसवर," असं तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांचा तळहात अजून स्प्रिंगवर होता. म्हटलं, "हातोड्याने. तुम्ही झोपला होतात."

मला वाटलं ओरडतील. लहानपणी ओरडायचे, मी दिवाळीचा आकाशकंदील वाकडा चिकटवला तरी. पण त्यांनी खिशातून खडू काढला आणि फरशीवर दोन गोल काढले, मधे गोटी. "गोटी रिंगला कुठे टेकते? एका ठिपक्यात. फिरताना तिला टनभर वजन चालतं. पण उभी असताना वरून घाव घातलास तर त्या ठिपक्यात खळगा पडतो. हब आतल्या रिंगमध्ये जातो, म्हणजे आतल्या रिंगला खालून आधार पाहिजे. तू आधार दिलास बाहेरच्या रिंगला. मग तुझा प्रत्येक घाव कुठून गेला?"

"गोट्यांमधून."

"हं. जोर लावायचाच. पण जी रिंग बसवायची, त्याच रिंगवर. मधल्यांना मधे घ्यायचं नाही."

नवीन कोरं बेअरिंग मी चक्कर मारण्याआधीच मारलं होतं. चौदाशे रुपये. आणि हब काढताना ते तसंही सुटून येतं, त्यामुळे वाचवायचा प्रश्नच नव्हता.

"काल मला 'मस्त' कशाला म्हणालास?" बाबांनी विचारलं. साध्याच आवाजात.

खरं उत्तर असं होतं की तुम्हाला कळणार नाही असं मला वाटलं. जसं "काही नाही बाबा" म्हणताना वाटतं, तसंच. ते मी त्यांना सांगितलं नाही, पण मला वाटतं त्यांना कळलं. ते खडू झटकत म्हणाले, "मला कमी ऐकू येतं. कमी समजत नाही."

बस. त्या विषयावर तेवढंच बोलणं झालं.

रविवारी नाना पेठ बंद. सोमवारी ऑफिसला "कौटुंबिक कारण" असं मेल टाकलं, जे शंभर टक्के खरं होतं. या वेळी बाबा स्कूटरवर मागे, मांडीवर नकल, पिशवीत हब. प्रेसवाल्या काकांनी बेअरिंग बसवलं, मग बाबांनी आतल्या रिंगखाली नेमक्या मापाची नळी शोधून ठेवली आणि बोटाने चाचपून पाहिलं की ती बाहेरच्या रिंगला शिवत नाही. मग हापसा. हब लोण्यासारखा आत गेला. काकांनी बाबांना विचारलं, "कुठल्या कंपनीत होता?" मग दोघांच्या अर्धा तास गप्पा. काका मोठ्याने आणि तोंडासमोर बोलत होते, त्यांच्या दुकानातही गोंगाट असतोच. बाबांनी एकदाही "काय?" विचारलं नाही. मी बाजूला उभा राहून बघत होतो.

संध्याकाळी सगळं जोडलं. बाबा, लेक आणि मी चांदणी चौकापर्यंत गेलो. साठ. सत्तर. काही नाही, फक्त टायरची सळसळ. गाणी मी लावली नव्हती. लेकीने मागून काहीतरी विचारलं. बाबांनी मान वळवली. "काय म्हणाली?"

"ती विचारतेय," मी त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश म्हटलं (सिग्नलला थांबलो होतो, घाबरू नका), "आबा, ठमी आता रडायची थांबली का?"

"हो," बाबा तिला म्हणाले. "तिच्या पायात काटा होता."

मग लेकीने काट्याबद्दल आठ प्रश्न विचारले. आठही मी पोहोचवले. दोन तर आवाज गेल्यामुळे त्यांना थेटच ऐकू आले, कारण खालच्या पट्टीतला गोंगाट वरच्या आवाजांना झाकून टाकतो, आणि तो आता नव्हता. बाकीच्यांना मधे माणूस लागला. लागू दे. थोडं दमायला होतं, पण बेअरिंग बदलण्यापेक्षा सोपं आहे.

घरात आता "काही नाही बाबा" बंद आहे. आईसुद्धा पाळते, बहुतेक वेळा. कानाचं मशीन अजून खिशातच असतं, ते एक युद्ध बाकी आहे.

कुणाला घरी करून बघायचंच असेल तर माझ्या खिशाला बसलेले धडे थोडक्यात: अ‍ॅक्सलचा नट गाडी खाली असताना सैल करा आणि लावताना नवीनच लावा. आपल्या गाडीचा टॉर्क तिच्या मॅन्युअलमध्ये बघा, माझा आकडा वापरू नका. कॅलिपर टांगा. खुणा करा. बेअरिंगला हातोडा दाखवूसुद्धा नका. प्रेसवाल्याकडे जाताना हब बरोबर न्या!

आणि शेजारच्या सीटवरचा माणूस म्हणाला की चाक बोलतंय, तर गाणी बंद करून पाच मिनिटं ऐका.

असो. पुढच्या शनिवारी मागचे ब्रेक शू काढायचेत. बाबांनी यादी केली आहे.